भिंतीतले वसुलीवाले

थंडी पडायच्या आधीच ते पक्षी आले. पारव्याएवढे, पंखावर निळी पट्टी, आणि एरवी रान न सोडणारे. यंदा रानातल्या झाडांना फळच धरलं नाही, म्हणून ते शहरात उतरलेत, असं वर्तमानपत्रात आलं होतं. मी ते ताईला वाचून दाखवलं.

"म्हणजे पोटासाठी घर सोडलं म्हण की सरळ," ती कात्री न थांबवता म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या शिवणाच्या खोलीच्या खिडकीबाहेर भुईमुगाच्या शेंगा ठेवायला लागली.

शेंगा संपल्या की पक्षी काचेवर चोच आपटत. ताई त्यांना वसुलीवाले म्हणे आणि मला, सतत वाचत बसतो म्हणून, पंडित. "ए पंडित, वसुलीवाले आलेत, डबा आण!" एकेक पक्षी चोचीत मावतील तेवढ्या शेंगा कोंबून उडे, आणि मी डब्याचं झाकण लावतो न लावतो तोच परत हजर. इतक्या लवकर हा रानात जाऊन कसा येतो, असं मनात यायचं. पण मनातलं बोलून दाखवायची मला सवय नाही. बहुतेक वेळा ते चुकीचंच असतं.

मग थंडी पडली. ताईनं खिडकी लावून घेतली, ती फक्त शेंगा ठेवायला उघडायची, आणि गॅसचा हीटर सुरू केला. दिवसभर ती त्याच खोलीत असते. लोकांचे कपडे उसवून, आवळून, अस्तर बदलून देते. मी पुढच्या खोलीत पुस्तकात डोकं घालून. तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा मी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणालो. पुढे पुढे तिला शब्द आठवेनात. टाचण्यांची उशी मनगटाला बांधलेली असताना ती घरभर शोधायची. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तिनं डावी बाही उजवीकडे लावली आणि उजवी डावीकडे. गिऱ्हाईक हसत हसत परत आलं. ताईनं मात्र त्याच्यासमोरच कोट उसवायला घेतला. शिवाय ती म्हणायची, भिंतीत कोणीतरी बसून बोटं मोडतंय.

रविवारी भाची आली, ती थेट माझ्यापुढे खुर्ची ओढून बसली.

"मामा, आईचं काय चाललंय ते तुला दिसतंय ना?"

"वय झालंय गं."

"वय तुझंही झालंय. तुझ्या भिंतीत कोणी बसलंय का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मी बोलले तर ती भांडेल. तुझं ऐकते ती."

ताई माझं कधीच ऐकत नाही. तरी मी उठलो. शिवणकाम म्हणजे ताईचं सगळं काही, आणि वृद्धाश्रमात तिला सुईसुद्धा हातात धरू देणार नव्हते. हे भाचीला सांगायचं सोडून मी ताईच्या खोलीत गेलो आणि दार लावलं.

स्टुलावर बसून मी वाक्य जुळवू लागलो. ताई मशीनवर होती. पहिलंच वाक्य मला सापडेना. डोकं जड झालं, कानशिलं ठणकू लागली. आपण भित्रे, त्याचंच हे, असं वाटून मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. एक वसुलीवाला शेंग घेऊन उडाला, पण झाडाकडे गेलाच नाही. भिंतीलगत वर चढला आणि हीटरचा धूर नेणारा पाइप भिंतीतून बाहेर निघतो त्या तोंडाशी बसला. शेंग आत जात नव्हती. तो चोचीनं ती ठोकून बसवू लागला. टक. टक.

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "बोटं मोडतंय."

मी हीटर बंद केला आणि खिडकी सताड उघडली.

"थंडीनं मारतोस का मला?"

"बाहेर चल," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं माझं ऐकलं असावं.

गॅसवाल्यानं पाइप सोडवला तेव्हा काजळीनं काळ्या झालेल्या शेंगांचा ढीग जमिनीवर पडला. "काका, दुकान टाका," तो हसला. मग गंभीर झाला. "सगळा जळका वायू खोलीत साचत होता. वाचलात." त्यानं पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली. भाची आईला मिठी मारून रडली आणि तिनं वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवून टाकलं. डॉक्टरांनी तपासलं आणि काही दिवसांत बरं वाटेल म्हणाले.

तसं वाटलंही. डोकं दुखायचं थांबलं. बाह्या जागच्या जागी बसू लागल्या. खिडकीत शेंगा ठेवणं आम्ही बंद केलं. मी त्या खिशात घालून मागच्या कुंपणापाशी टाकून यायचो, कारण पक्षी अजून भुकेलेच होते.

मग एका सकाळी ताईनं मशीन थांबवलं.

"अजून मोडतंय बघ बोटं."

मी भिंतीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. माझे कान तसेही भरवशाचे नाहीत. हीटर बंद करून, शिडी लावून मी बाहेरून वर चढलो. पाइपात शेंगा असू देत, असं मी मनापासून म्हणत होतो. जाळी घट्ट होती. ती काढून आत हात घातला. पाइप स्वच्छ होता.

"सापडल्या?" ताईनं खिडकीतून विचारलं.

मी खाली उतरलो, खिशातल्या मूठभर शेंगा काढून तिच्यापुढे धरल्या. "ह्या बघ. तुझंच खरं."

तिनं एक शेंग उचलली, कापडाचा पोत पाहावा तशी बोटांत फिरवून पाहिली.

"त्या काळ्या होत्या रे," ती म्हणाली. "या पांढऱ्या आहेत."

तिनं शेंग परत माझ्या हातावर ठेवली.

"म्हणजे भिंतीत कोणी नाही."

मशीनवरचा कोट तिनं उचलला. दोन्ही बाह्या पसरून माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाली, "बघ रे जरा. बरोबर लागल्यात ना?"