न फाटलेलं पान

यमुनामावशी मला आधी ऐकू येते, मग दिसते. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ती वस्तूंवर हलकेच टकटक करी आणि मान किंचित कलती करून आतून येणारं उत्तर ऐके. फणसावर, भाताच्या कणगीवर, बाजारातल्या माठावर. लहानपणी तापाने फणफणलेल्या माझ्या पाठीवरसुद्धा. माघातल्या सकाळी पडवीच्या कुडातून उन्हाच्या बारीक पट्ट्या तिच्या लुगड्यावर उतरलेल्या असत, नुकत्या सारवलेल्या जमिनीचा ओलसर, थंड गंध दरवळत असे, आणि त्या निःशब्द प्रकाशात तिची ती टकटक घरभर हिंडत असे. डोळ्यांपेक्षा तिचा कानांवर अधिक विश्वास होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. धसईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर. समोर चार खाचरं, परसात शेवगा आणि चिंच, आणि कुंपणापलीकडे सखूचं घर. तिचे यजमान, आमचे अण्णा, गेले आणि दहाव्यालाच नातेवाइकांत विचारविनिमय सुरू झाला की आता हिचं काय करायचं. हा प्रश्न तिला सोडून सर्वांना विचारून झाला. तिचं उत्तर तर अगदी सरळ होतं. तिला त्याच घरात राहायचं होतं, आपल्या चुलीपाशी, आपल्या बांधावर, एकटीने. तिच्या मुलाला, दिनेशला, ते मान्य नव्हतं. दिनेश कल्याणला चौथ्या मजल्यावर राहतो, चांगल्या नोकरीत आहे, आईवर त्याचा जीव आहे, आणि याच गोष्टीचा मला सर्वांत अधिक संताप येतो. माणूस वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला तो आला तेव्हा त्याने आईसाठी एक झाड आणलं. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत चिनी मातीच्या कुंडीत उभं असलेलं, काळसर हिरव्या रुंद पानांचं, आणि प्रत्येक पानाला कडेपासून मधल्या शिरेपर्यंत लांबच लांब चिरा. मॉन्स्टेरा हे त्याचं नाव. दूरदेशीच्या सदापर्णी अरण्यात प्रचंड वृक्षांना बिलगून, छायेत आणि उबदार दमट हवेत वाढणारी ही वेल आता शहरांतल्या दिवाणखान्यांत मानाने बसते. "तुला सोबत होईल, आई," दिनेश म्हणाला. सखू येऊन झाड बघून गेली आणि जाता जाता तिने मावशीच्या कानाशी लागून आपलं मत दिलं, "किडकं दिलंय गो वयनी पोरानं." पुढे तिने काकडीच्या वेलावर टाकायची पावडरही त्या पानांवर भुरभुरवली. ही पानं जात्याच फाटकी असतात, त्यांना काही झालेलं नाही, हे मी समजावून सांगेपर्यंत निम्म्या आळीने हळहळून घेतलं होतं. मावशीने मात्र त्याला 'फाटक्या' म्हणून आपलंसं करून टाकलं.

हा सारा मुलूख भाताचा. इथल्या माणसाने जगण्याचा हिरवा रंग पाहिला तो नेहमी चिखलात उभा राहिलेला. आवणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी खाचरात रोवताना त्याच्या जिवाला घोर असतो तो पाणी कमी पडण्याचा. साचल्या पाण्यात मूळ गुदमरतं ही कल्पनाच त्याच्या मनाला परकी. त्यात इथली एक रीत अशी की पिऊन उरलेलं पाणी फेकून द्यायचं नाही, जवळच्या झाडाच्या बुडाशी घालायचं. मावशी एकटी राहते म्हणून विचारपूस करायला माणसं येत, आल्याआल्या मावशी त्यांच्या हाती तांब्या देई, तांब्यातलं अर्धं पाणी पोटात जाई आणि उरलेलं अत्यंत सद्भावनेने फाटक्याच्या कुंडीत. मावशी स्वतः सकाळ-संध्याकाळ घालीच. तिच्यावर माया करणारी माणसं जितकी अधिक, तितका त्या झाडाचा गळा अधिक आवळला जात होता. हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

पानं पिवळी पडू लागली. आधी खालची, मग मधली. देठ मऊ झाले, कडा काळवंडल्या, आणि जे झाड आलं तेव्हा पडवीत एखाद्या पाहुण्यासारखं ऐटीत बसलेलं होतं ते मान टाकून भिंतीला टेकलं. दिनेश दिवाळीला आला, त्याने एक पान उचलून धरलं, सोडून दिलं आणि अगदी शांत स्वरात म्हणाला, "एक झाड तुझ्याच्यानं सांभाळलं जात नाही, आई. एकटी कशी राहणार तू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिने उभ्या आयुष्यात अंकुर म्हणून जे जे हाती आलं ते वाढवलं, जिने सासूचं दुखणं काढलं, नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यांत त्याला कुशीवरून कुशीवर वळवताना एकदाही कपाळाला आठी घातली नाही, तिची परीक्षा आता एका कुंडीवर घ्यायची. परीक्षा घेणाऱ्यानेच प्रश्न ठरवायचा, आणि उत्तर आधीच लिहून खिशात ठेवायचं. मी तोंड उघडणार तोच मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या हाताला भाताच्या पेंढ्याचा वास येत होता. त्या संध्याकाळी तिने जेवण जरा कमीच घेतलं.

शिमगा झाला. उन्हाला धार आली, पळसाची फुलं गळून वाटेवर पडली, आणि मी मुरबाडहून तिच्याकडे गेले तेव्हा मावशी त्या पांढऱ्या कुंडीसमोर बसून तिच्यावर बोटाने टकटक करत होती. आवाज बद्द येत होता, पाण्याने तुडुंब भरलेल्या हंड्याचा येतो तसा. बाहेर सगळी जमीन भेगाळलेली आणि हे इतकं भरलेलं कसं, याचा तिला उलगडा होईना. आम्ही दोघींनी मिळून झाड ओढून बाहेर काढलं. खाली काळं, साकळलेलं पाणी होतं, आणि त्याचा मेलेल्या खेकड्यांसारखा वास पडवीभर पसरला. मी कुंडी उपडी केली, बुडावरून हात फिरवला. कुंडीला भोकच नव्हतं.

पाणी जायला वाटच नसलेल्या भांड्यात जीव लावून द्यायचा आणि तो कुजला की दुसऱ्याला नालायक ठरवायचं. मी तिथल्या तिथे दिनेशला फोन लावायला निघाले होते. मावशीने लावू दिला नाही. "नको गो. आवडीनं आणलंय त्यानं," ती म्हणाली, आणि क्षणभराने, "आमी पण ओतीतच होतो ना." तिचा हा समंजसपणा मला तेव्हाही सहन झाला नाही आणि आजही होत नाही. अशाच समंजसपणावर सगळ्यांचं फावतं.

मग तिने विळा घेतला. काळी, चोथा झालेली मुळं तिने एकेक करून छाटली, पांढरी आणि टणक तेवढी ठेवली. जगण्यासारखं फारच थोडं उरलं. ते थोडं तिने गोणपाटावर, सावलीत सुकत ठेवलं. कोपऱ्यात पडलेला गळका माठ आणला. भाताचं रोप टाकण्याआधी इकडे उन्हाळ्यात जमिनीवर पालापाचोळा आणि शेण जाळून राब भाजतात, त्या भाजलेल्या जागची भुसभुशीत माती तिने आणली, तीत भाताचं तूस कालवलं, आणि एका पानाचं ते उघडंबोडकं खोड त्यात बसवून बांबूच्या काठीला सुतळीने बांधलं. पाणी घातलं ते ओंजळीने, आणि माठाच्या तड्यातून ते झिरपून बाहेर येताना पाहत ती बराच वेळ बसून राहिली.

खरी अडचण पुढेच होती, कारण तांब्या घेऊन येणारी माणसं काही थांबली नव्हती. सांगून कोणी ऐकेना. उन्हात तहानलेल्या झाडाला पाणी नाकारायचं हे त्यांना पाप वाटे. शेवटी मावशीने करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि शेतातल्या कोवळ्या रोपांभोवती घालतात तशी कुंपणाची वई त्या माठाभोवती, भर पडवीत, घातली. सखूला ते फार लागलं. "आमी काय शेरडं हाव का गो, वयनी?" तिने विचारलं. "शेरडं बरी," मावशी म्हणाली. "ती पानं खातात. तुमी मुळं खाता." आणि मग दोघी इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. अण्णा गेल्यानंतर तिला असं हसताना मी प्रथमच पाहत होते.

चैत्र सरत आला तेव्हा त्या खोडाच्या पेरातून एक फिकी हिरवी सुरळी डोकावली. मावशीचा दिवस तिच्याभोवती फिरू लागला. चुलीवर भाकरी टाकून ती बाहेर येई, माठावर बोट वाजवी, खणखणीत उत्तर मिळालं तरच ओंजळभर पाणी देई, आणि सुरळीकडे नुसती पाहून परत आत जाई. एका सकाळी ती सुरळी उलगडली. पान कोवळं, पोपटी, तळहाताएवढं, आणि अगदी अखंड होतं. त्याला चीर नव्हती की भोक नव्हतं. सखूने समाधानाने मान हलवली, आता कसं धड पान आलं म्हणाली. मावशीने फोन करून मला मुरबाडहून बोलावून घेतलं. ती पानाला हात लावत नव्हती, नुसती शेजारी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन, आणि त्या क्षणी मला खरोखर वाटलं की आता कोणी हिला घरातून हलवू शकत नाही.

वैशाखात दिनेश आला. मावशीने काट्यांची वई बाजूला केली आणि त्याला झाडासमोर नेऊन उभं केलं. तो वाकला, निरखून पाहिलं, खिशातला मोबाइल काढून त्यात काही शोधलं. "पान फाटलेलं नाही, आई," तो म्हणाला. "म्हणजे झाड अजून अशक्तच आहे. त्याला इथलं मानवत नाही."

"फाटलं नाय तर काय झालं रे? जितं हाय ना," मावशी म्हणाली.

तो हसला. लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसं, अगदी प्रेमाने. मग त्याने मनात घेऊन आलेलं सगळं मांडलं. पावसात ओढ्याला पाणी येतं, एसटी बंद पडते, लाईट जाते ती जाते. पावसाळ्यापुरतं चल, पुढचं पुढे बघू, झाडही बरोबर घेऊ. मी मध्ये पडले. राब भाजून तयार आहे, बियाणं काढून ठेवलंय, पावसाळा हेच तर तिच्या इथे असण्याचं कारण आहे, हे मी बऱ्याच चढ्या आवाजात सांगितलं. दिनेशने माझं सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे वळून म्हणाला, "मला झोप लागत नाही गं तुझ्या काळजीने." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खरे भरून आलेले होते. सखूला अडवायला करवंदीचे काटे होते. पोटच्या पोराच्या डोळ्यांतलं पाणी अडवायला मावशीजवळ काही नव्हतं. दोन लुगडी, अण्णांचा फोटो आणि तो गळका माठ घेऊन ती गाडीत बसली.

खाचरं त्या वर्षी सखूच्या घरच्यांनी लावली. भात पोटरीला आलं, पिकलं, कापून खळ्यावर पडलं. कार्तिकात मी कल्याणला गेले. फाटक्या आता नव्या, भोकाच्या कुंडीत, खिडकीतल्या पडद्याआडच्या उजेडात कमरेएवढा उंच झाला आहे. त्याची नवी पानं ताटाएवढी आणि दिमाखदार फाटलेली आहेत, आणि येणारा प्रत्येकजण दिनेशच्या बायकोचं, सूनबाईंचं, कौतुक करतो. सूनबाई खरोखर चांगल्या आहेत. आईंना कसल्याही कामाला हात लावू देत नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मावशी खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. तिने मला विचारलं, "भात झोडून झालं का गो?" झालं म्हटल्यावर ती दिनेशकडे बघून हळूच म्हणाली, "मग आता जायाला पायजे." दिनेश वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "थंडी जाऊ दे, आई."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर पाहत होते. दोन्ही बाजूंना कापून मोकळी झालेली खाचरं उन्हात कोरडी पडलेली होती. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. एवढ्या भल्या माणसांच्या मेळ्यात तिच्या बाजूने तेवढंच काहीतरी उरलं आहे. ऋतू आपापल्या वेळी येतात, आपापल्या वेळी निघून जातात, कोणाला विचारत नाहीत. पण दुसऱ्याने मायेपोटी आपल्यासाठी ठरवलेला पावसाळा संपत नाही, आणि त्याच्या आत बसलेलं माणूस जितेपणीच हळूहळू आपल्या घराची आठवण होऊन जातं.