समोरच्या दुकानातली खुर्ची

माझ्या धाकट्या भावाने टीव्हीचं दुकान काढलं, ते माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मध्ये एवढीशी गल्ली. जगात दुसरीकडे कुठे जागा नव्हती त्याला. धंदा त्याला मीच शिकवला आणि आता तो माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटतोय.

या धंद्यात तसाही आता दम उरलेला नाही. दर महिन्याला एखादी नवी कंपनी उगवते आणि गोदामात ठेवलेला माल पडल्यापडल्या स्वस्त होतो. सकाळी मी दाराशी पाटीवर भाव लिहितो. दुपारपर्यंत समोरच्या पाटीवर त्याहून कमी लिहिलेला असतो. मी खोडतो, तो खोडतो. गल्लीतली माणसं हल्ली टीव्ही घेतच नाहीत. दोन्ही पाट्या वाचतात, आणखी उतरू दे म्हणतात आणि निघून जातात.

हेही मी सोसलं असतं. आईचं मात्र सोसवेना.

आई माझ्याकडे राहते, दुकानाच्या वरच. बाबा गेल्यापासून रोज दुपारी ती खाली यायची आणि गल्ल्यापाशी खुर्चीत बसून मालिका बघायची. गिऱ्हाईक आलं की "हे माझ्या मोठ्याचं दुकान" म्हणून सांगायची. समोर धाकट्याने भिंतभर टीव्ही लावला आणि एक दिवस आई जिना उतरली ती थेट गल्ली ओलांडून गेली. त्याने तिच्यासाठी खुर्ची मांडली, तीसुद्धा माझ्याकडे पाठ करून. तेव्हापासून ती रोज तिकडेच. बायको म्हणाली, असते एकेकाला मोठ्या पडद्याची हौस, तुम्ही कशाला जळता? मी म्हटलं, मी जळत नाही. खरं तर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्याच्या भिंतीवरचा टीव्ही ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचे माझ्याकडे ढिगाने पडून होते. एका दुपारी मी रिमोट उचलला, समोर धरला आणि आवाज बंद केला. गल्ली अरुंद, दारं उघडी, त्यामुळे पहिल्या झटक्यातच जमलं. मालिकेतली सासू नुसतीच तोंडाची उघडझाप करत राहिली. आता आई कंटाळणार, उठणार, इकडे येणार, म्हणून मी गल्ल्याआडून वाट बघत बसलो.

ती हलली नाही. धाकटा गिऱ्हाइकात गुंतला होता, त्यानेही काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच केलं. आई हसली की तिचे खांदे गदगदतात. ते गदगदत होते. मुक्या मालिकेला माणूस हसतो कसा? मग रोज हाच खेळ. मी आवाज बंद करायचा आणि तिने खदखदून हसायचं. शेवटी माझं डोकं फिरलं. रिमोट खिशात कोंबला आणि गल्ली ओलांडून आत घुसलो.

पडद्याचा खालचा भाग इतके दिवस तिच्या खुर्चीआड जात होता. तो आता दिसला. चित्राखाली ठसठशीत अक्षरं येत होती. मालिकेतलं सगळं बोलणं तिथे लिहून येत होतं आणि आई ओठ हलवत ते वाचत होती. मी मागून "आई" म्हणालो. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. तिने मान वळवली नाही.

धाकट्याने मला बाजूला घेतलं.

"तिला ऐकू येत नाही, दादा. कधीपासूनच. तुला माहीत नाही?"

"ती माझ्याकडे राहते," मी म्हणालो.

"म्हणून तर विचारतोय." मग त्याची नजर माझ्या खिशावर गेली. "आवाज बंद करतोस ते कर. गिऱ्हाइकाशी बोलायला मला बरं पडतं."

मी तोंड पाडून परत आलो. घरी ती आवाज मोठा ठेवायची, तेव्हा मीच खेकसायचो, आमचे कान फुटतील म्हणून. मग तिने वरचा टीव्ही लावणंच सोडलं. वयाने मन उडालं असेल, असं मी समजलो. एका घरात राहून मला जे कळलं नाही, ते गल्लीपलीकडून त्याला कळलं. आईचं वाईट वाटलंच, नाही असं नाही. पण त्याला आधी कळलं, याची आग त्याहून जास्त होती. असा आहे मी.

संध्याकाळभर खटपट करून मी माझ्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर ती अक्षरं आणली. सोय त्यातही होतीच. इतके टीव्ही विकले, पण कधी लावून पाहिली नव्हती. सकाळी पाटीवरचा भाव पुसला आणि मावतील तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आई, अक्षरं इकडेही आहेत."

दुपारी आई खाली आली आणि पाटीकडे न बघताच सवयीने गल्ली ओलांडून गेली. पाटी वाचली ती धाकट्याने. तो दारात थोडा थांबला. मला वाटलं, आता हा खडू घेणार आणि माझ्यावर ताण करणारं काहीतरी लिहिणार. त्याने आत जाऊन आईच्या खांद्याला हात लावला, तिला मागे वळायला लावलं आणि पाटीकडे बोट दाखवलं.

आईने वाचलं. तिचे ओठ हललेले मला इकडून दिसले. चष्मा सारखा करून तिने पुन्हा एकदा वाचलं आणि उठली. ती हळूहळू गल्ली ओलांडत होती आणि तिच्यामागून धाकटा तिची खुर्ची डोक्यावर घेऊन येत होता. माझ्या टीव्हीसमोर त्याने ती मांडली, उशी नीट केली, अक्षरं तिला दिसतात ना ते विचारायला स्वतःच्या डोळ्यांकडे आणि पडद्याकडे बोट केलं. आई हसली. मग तो निघून गेला.

तो जाताना मी त्याचा चेहरा निरखून पाहिला. हरलेल्या माणसाचा नव्हता. आई माझ्या दुकानात येऊन बसली होती, आणि तरी माझ्या पोटात दुखायचं काही थांबलं नाही.