कुंकवाने बसलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. गोड बोलून सुरुवात करावी, हे मला कळते. पण वर्षानुवर्षे पोटात कुंकू भरून भिंतीवर टांगलेल्या शिट्टीकडून गोडव्याची अपेक्षा करू नका.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, पोटात बुचाचा एक गोल दाणा टाकला, झाले. तो दाणा नाचला की मी वाजते. वाशीच्या एका दुकानातून रंगूबाईने मला विकत घेतले. ती आणि तिचा नवरा बाबासो साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्याला. बाबासो बाजारात कांदा-बटाट्याची पोती वाहायचा. त्यांची मुलगी राजलक्ष्मी वाऱ्यासारखी पळायची. रंगूबाईचा आवाज मात्र बारीक. खाडीच्या वाऱ्यात तिची हाक पोरीपर्यंत पोचायचीच नाही. म्हणून मला आणले.

रोज सकाळी होल्डिंग पॉन्डच्या, म्हणजे खाडीकाठी पावसाचे पाणी साठवायच्या तळ्याच्या बांधावर आमचे काम चाले. रंगूबाईने पोरीला एकच नियम शिकवला होता. "शिट्टी वाजली की सुटायचं. मागं बघायचं न्हाय."

फिरायला येणारे लोक कुरकुरायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, सकाळी सकाळी काय ही कटकट?"

"तुमी चाला की सायेब," रंगूबाई म्हणाली. "तुमास्नी कोण पळ म्हणतंय?"

ते माझे सुखाचे दिवस होते. राजलक्ष्मी शंभर मीटरमध्ये राज्यात पहिली आली. तिथे शर्यत सुरू करायला पिस्तूल वाजवले, मला कोणी विचारले नाही. सत्कारात तिच्या बुटांचे कौतुक झाले, तिच्या आहाराचे झाले. माझे नाव कोणी घेतले नाही. मी ते सोडून दिले. रंगूबाईच्या गळ्यात होते ना, तेवढे पुरे होते.

मग डेंग्यूच्या तापात रंगूबाई गेली.

बाबासोने मला तिच्या फोटोखाली खिळ्याला टांगले. मला हार घातला. रोज हळद-कुंकू लावले. अहो, शिट्टी ही काय कुंकू लावायची वस्तू आहे? ते माझ्या फटीतून आत जाऊन बसले, वर उदबत्तीची राख पडली, बुचाचा दाणा चिकटला. कोणी फुंकायला गेले की बाबासो अंगावर यायचा. तो रोज माझी पूजा करत होता आणि रोज माझा गळा दाबत होता.

राजलक्ष्मीने धावणे सोडले. रेषेवर तिचे पाय उठेनात. पुढे नेरूळच्या एका फुटबॉल क्लबचे इंद्रजित सर घरी आले. असा वेग त्यांना संघात हवा होता. तिने सही केली आणि ती पगारी खेळाडू झाली. घरात पेढे वाटले. मला पेढ्याऐवजी आणखी कुंकू मिळाले.

आता खरे दुखणे ऐका. फुटबॉलमध्ये शिट्टी वाजली की थांबायचे असते. आणि आमची राजलक्ष्मी शिट्टी वाजली की सुटायची! वेगामुळे ती चेंडू तिच्याकडे मारला जायच्या आधीच समोरच्या बचावपटूंच्या पुढे पोचायची. त्याला ऑफसाइड म्हणतात. पंच शिट्टी मारायचे आणि ही चेंडू घेऊन आणखी जोरात पळायची. बाबासो मोबाइलवर सामना बघायचा आणि मी वरून त्याचे कपाळावर मारलेले हात बघायची. एकदा पिवळे कार्ड, मग पुन्हा पिवळे. मग एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झाले आणि तिला बाहेर काढले. इंद्रजित सरांचा फोन आला. "काका, आता अजून एक कार्ड मिळालं तर मी तिला संघात ठेवू शकत नाही."

त्या संध्याकाळी ती घरी आली. सोबत भाविका होती, तिच्या संघातली, करावे गावची, घोडीला घोरी म्हणणारी. पोहे समोर होते, खात कोणीच नव्हते.

"थांबायला काय जातं गं तुझं?" बाबासो ओरडला.

"आबा, मला कळतं. पाय ऐकत नाहीत."

"काका, सरांनी किती येला शिट्टी मारून थांबवून बघितली," भाविका म्हणाली. "काय फरक नाय. घोरीसारखी सुटते."

"मग बांधून घाला तिला!"

भाविकाने माझ्याकडे बोट दाखवले. "ही काकूंची हाय ना? हीच वाजवा नि हिच्यावरच थांबाला शिकवा."

"हात लावायचा न्हाय," बाबासो म्हणाला. "तिचं तोंड लागलंय हिला. तिनं जल्मभर पोरीला पळ म्हणून सांगितलं, आन् मी त्याच शिट्टीवर थांब म्हणू?"

राजलक्ष्मी खाली बघत बोलली. "आबा, आईची शिट्टी कशी वाजायची, तेच मी विसरले. म्हणून कुठलीपण वाजली की वाटतं, आईचीच आहे."

बाबासोने पोह्यांची बशी बाजूला सारली. मग उठून त्याने मला खाली काढले.

नळाखाली धरल्यावर माझ्यातून आधी लाल पाणी गेले, मग काळे. पोती शिवायच्या दाभणाने त्याने दाणा मोकळा केला. पहिल्या फुंकरीला नुसती थुंकी उडाली.

"काका, फुका. चहा गार नाय करायचा," भाविका म्हणाली.

दुसऱ्या फुंकरीला मी वाजले. माझा आवाज पहिल्यापासून किंचित फाटका आहे. स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या राजलक्ष्मीची टाच उचलली गेली, आणि तिने तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा बांधावर. मला थांबायला शिकवण्याचे काम कोणी दिले नाही. मी पूर्वीसारखी पळ म्हणून सांगायची, ती पळायची. हळूहळू माझा फाटका आवाज तिच्या कानात पुन्हा बसला, आणि बाकीच्या शिट्ट्या बाकीच्या झाल्या.

लाल कार्डाची बंदी संपल्यावर पहिल्याच सामन्याला बाबासोने मला शर्टाच्या खिशात घातले. ती ऑफसाइड सापडली. पंचांची शिट्टी वाजली. तिची टाच उचलली गेली. बाबासोने खिसा मुठीत घट्ट धरला, मी चेपले गेले. तिने चेंडूवर पाय ठेवला, चेंडू उचलला आणि पंचांच्या हातात नेऊन दिला.

"घोरी थांबली रे!" भाविका मैदानातून किंचाळली.

सामना बरोबरीत सुटला. राजलक्ष्मीची जागा राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातले माणूस गेले तर त्याच्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण आम्हाला हार घालून मुके करू नका. धुवा, पुसा आणि कामाला लावा. त्या माणसाचे जे काही उरलेले असते, ते आमच्या कामातच असते.

बाबासोने चपला घातल्या आहेत, निघायला हवे. त्याला मला अजूनही धड वाजवता येत नाही.