न थांबता अठराशे मीटर

"चला जानराव, आजचा दिवस तुमचाच आहे!" सकाळी साडेसहाला मोबाइलमधली बाई बोलली आणि जानरावांच्या कपाळाला आठी पडली. चौसष्ट वर्षांच्या माणसाला सरळ नावानं हाक मारते, अन् तीही अशी लाडात, जशी काही यांच्याच घरात लहानाची मोठी झाली! "येऊन राहिलो ना बाई, दम धर जरासा," ते फोनवर खेकसले आणि बुटाच्या नाड्या आवळायला बसले.

दुखणं उजव्या पायाचं होतं. पोटरीत रक्त पुरेसं पोचतच नव्हतं. शंभर-सव्वाशे पावलं टाकली की पोटरी अशी आवळून यायची की माणूस जागच्या जागी खिळायचा. दोन मिनिटं उभं राहिलं की पुन्हा मोकळी. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, बिडी बंद केली आणि वर चालायला सांगितलं. "चांगलं दुखेपर्यंत चालायचं, मग उभं राहायचं, दुखणं थांबलं की परत चालायचं. रोज अर्धा तास, तीन महिने. फरक नाही पडला तर ऑपरेशनचं बघू."

ऑपरेशन म्हटल्याबरोबर जानराव खुर्चीतून उठलेच. तिवशाचे त्यांचे थोरले भाऊ, गोवर्धन, असंच पायाचं ऑपरेशन करायला गेले होते आणि गुडघ्याखालचा पाय दवाखान्यातच ठेवून परत आले. त्यामुळे अमरावतीत राहणाऱ्या रागिणीनं, म्हणजे त्यांच्या पोरीनं, फोनमध्ये ते बोलणारं ॲप टाकून दिलं तेव्हा त्यांनी मुकाट्यानं मान हलवली. फोन खिशात ठेवायचा, तो अंतर मोजणार, पाय दुखला का ते विचारणार आणि सगळं डॉक्टरीणबाईंना कळवणार. काय अवघड होतं त्यात?

अवघड होतं ते अकोल्यात, घराजवळच्या जठारपेठेत, रस्त्यावर उभं राहणं. जानरावांनी एकतीस वर्षं अकोला-अमरावती एस.टी.वर कंडक्टरी केली. धावत येणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी घंटी न मारता गाडी थांबवून धरली, पास घरी विसरलेल्याला खाली उतरवलं नाही. ती पोरं आता बापे झाली, अन् एकेकाच्या बुडाखाली मोटरसायकल आली. जानराव पोटरी धरून खांबाशी उभे राहिले रे राहिले की करकचून ब्रेक! "काका, बसा. सोडून देतो."

"नाही रे बापा, चालून राहिलो मी."

"असं कसं काका? तुमी आमाले कदी उभं नाही ठेवलं, अन् आमी तुमाले ठेवू काय?"

आता याला काय बोलणार! पहिल्या आठवड्यात त्यांनी खरं सांगून पाहिलं. तर दोन दिवसांत घरी रीघ लागली. एक जण तेल घेऊन आला, एक जण पायावर मांडूळ साप चोळणाऱ्या वैद्याचा पत्ता घेऊन आला, आणि शेजारच्या माणिकबाईंनी तर त्यांच्या बायकोला, लीलाबाईंना, दारातच विचारलं, "पाय कापून राहिले म्हणे भाऊजींचा?" लीलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यानंतर जानरावांनी तोंडच उघडलं नाही. कोणी थांबलं की चूपचाप मागच्या सीटवर बसायचं.

असे बसले त्या पहिल्याच दिवशी खिशातला फोन वाजला. "शाब्बास जानराव! न थांबता अठराशे मीटर!" रस्त्यावरचे खड्डे असे की त्या हादऱ्यांनाच ते येडं ॲप पावलं समजलं होतं. पाय दुखला का, असं त्यानं विचारलं. जानरावांनी 'नाही' दाबलं. आणि ते तरी खोटं कुठं होतं?

घरी लीलाबाईंनी आकडा पाहिला आणि हरखून गेल्या. रागिणीनं फोनवर टाळ्यांची चित्रं पाठवली. किती दिवसांनी बायकोच्या तोंडावर हसू पाहिलं होतं! उद्यापासून खरं चालू, असं जानरावांनी मनाशी ठरवलं. उद्या त्या कॉलेजच्या पोरांतलाच अमोल भेटला, परवा आणखी कोणी. रस्ता बदलून मोर्णा नदीच्या पुलावर गेले, तर तिथं जुन्या शहरातला जिब्रान स्कूटर घेऊन हजर. "बसा काका, घरापर्यंत सोडतो." त्यांना त्या पोरांचा राग यायचा, फोनचा यायचा, आणि रात्री गार पडलेला पाय चादरीत ओढून घेताना स्वतःचा इतका राग यायचा की झोप लागत नसे.

तीन महिने झाले. लीलाबाईंना घेऊन ते अमरावतीला गेले. रागिणी दवाखान्यात आधीच येऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी पायाची नाडी पाहिली, घोट्याला पट्टा बांधून दाब पाहिला आणि संगणकावर ॲपचे आकडे उघडले.

"काका, तुम्ही तर कमाल केली आहे. रोज दीड-दोन किलोमीटर! इतकं मनापासून चालणारा पेशंट मला मिळत नाही. पण पायात काडीचा फरक नाही, उलट दाब थोडा कमीच झालाय. म्हणजे चालण्याचा तुम्हाला उपयोग होत नाही. आता ऑपरेशनशिवाय इलाज दिसत नाही."

रागिणीचा चेहरा उतरला. "इतकं चालूनही, बाबा?" ती म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. जानरावांना गोवर्धनचा दुमडून पिन लावलेला पायजमा दिसला.

"मॅडम, मी चाललोच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गाडीवर बसून फिरलो. लोकायच्या गाडीवर. तीन महिने." शरमेनं त्यांचे कान तापले होते.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांना बाहेरच्या लांब व्हरांड्यात घेऊन गेल्या. "चाला. माझ्यासमोर." पहिल्या वेळी इथंच जानरावांनी नव्वद मीटर काढले होते. आज पंचावन्नाला पोटरी आवळली आणि ते भिंतीला टेकले.

"पायावर जखम नाही, म्हणून अजून थोडी सवड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "सहा आठवडे देते. त्यानंतर मात्र मी विचारणार नाही, सरळ ऑपरेशन." आणि त्या आत निघून गेल्या.

लीलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज संतापाचा होता.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तो आकडा पाहून तू हसत होतीस रोज," जानराव म्हणाले. "मले वाटलं, हसू दे."

"आग लागो त्या आकड्याले! तुमी दहा पावलं चालले असते अन् रडत घरी आले असते, तरी मी हसलीच असती ना!"

जानरावांची पोटरी अजून पुरती मोकळी झाली नव्हती. त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि उरलेल्या व्हरांड्याकडे चालू लागले.