मोर्चातला दहावा

चौकशीच्या खोलीबाहेर एकच बाक होता आणि त्याचा एक पाय आखूड होता. कुंजुमोन टेकला की विलासिनीची बाजू वर उचलली जायची.

"चेची, एवढी आंदोलनं केली आपण, एक धड बाक नाही मागितला कधी," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला चेची म्हणायचा.

"आत गेल्यावर विनोद करू नकोस," विलासिनी म्हणाली.

ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होती आणि कर्मचारी युनियनची शाखासचिव होती. कुंजुमोन पंपघरावर. विभागीय चौकशीत त्याची बचाव सहाय्यक म्हणून ती उभी राहणार होती. बावीस वर्षांची त्याची नोकरी आज त्या खोलीत ठरायची होती.

पंपघरावर दर तासाला पाण्यातलं क्लोरीन तपासायचं असतं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकायचे, पाणी किती पिवळं झालं ते बघून तक्त्यात आकडा लिहायचा. नऊ जूनला क्लोरीनचं सिलिंडर सकाळीच संपलं. तक्त्यात मात्र संध्याकाळपर्यंतचे आकडे होते. महिनाभरात पुंजक्करा वस्तीत एकसष्ट जणांना कावीळ झाली. दोघं गेले.

नऊ जूनला जिल्ह्याचा मोर्चा होता. प्रत्येक शाखेने दहा माणसं आणायची असा युनियनचा दंडक. विलासिनीकडे नऊच होती. तिनेच सकाळी सातला फोन केला होता, "दिवसाचे आकडे लिहून ठेव आणि ये." मोर्चाच्या दिवशी सगळी पंपघरं हेच करायची. आणि पूर्वी कधीतरी तिनेच त्याला शिकवलं होतं, "सगळीकडे पाच दशांश लिहू नकोस. खरं पाणी थोडं हलतं. मधूनच चार टाक, सहा टाक."

जिल्हासचिव भार्गवननी तिला बजावलं होतं. "मोर्चाचं नाव निघालं तर युनियनने कावीळ आणली असं उद्या छापून येईल. पाचशे कंत्राटी लोकांना कायम करायची बोलणी चालू आहेत. तू आकड्यांवर लढ."

आत गेल्यावर ती आकड्यांवर लढली. नुसत्या डोळ्यांनी रंग बघताना किती चूक होऊ शकते ते तिने सांगितलं. मग म्हणाली, "साहेब, तक्ता बघा. बनवलेले आकडे इतके वरखाली होत नाहीत." आपला आवाज जराही कापला नाही हे तिच्या लक्षात आलं.

चौकशी अधिकारी निवृत्तीला आलेले, मवाळ गृहस्थ होते. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला.

"हे मागणीपत्र तुमच्याच सहीचं ना, बाई? सात जूनचं. पंपघरातली ओटी संपली, नवी बाटली पाठवावी. बाटली पोचली बारा तारखेला. मग नऊला पाणी पिवळं कशानं झालं?"

सही तिचीच होती. असे तीसचाळीस कागद महिन्याला तिच्या हाताखालून जायचे.

"कुंजुमोन," अधिकारी म्हणाले, "होतात कुठे त्या दिवशी?"

मी बोलावलं होतं. एवढंच वाक्य होतं. ते विलासिनीच्या तोंडात तयार होतं. तिला ते पाचशे लोक आठवले. पाचशे लोक आठवले की स्वतःची नोकरी, हे पुढे तिला कधीच खात्रीने सांगता आलं नाही.

"झोपलो होतो, साहेब," कुंजुमोन म्हणाला.

"दिवसभर?"

"दिवसभर."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली. तो उभाच राहिला.

"असं का सांगितलंस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं, चेची. थांबलो मी थोडा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "मग काहीतरी सांगायलाच हवं होतं."

बडतर्फीचा हुकूम ऑगस्टमध्ये आला. विलासिनीने अपील लिहिलं, चार पानी, त्यात सगळं खरं, आपल्या फोनसकट. सहीसाठी ती त्याच्या घरी गेली. त्याची बायको अच्चाम्मा दारातच उभी होती. तिने उभ्याउभ्या पानं वाचली आणि परत दिली.

"वस्तीत आता त्यांना झोपाळू म्हणतात. तेवढं ऐकून घेतात ते," ती म्हणाली. "हे बाहेर आलं तर पाणी तसंच सोडून मोर्चाला गेला म्हणतील. माझ्या समोरच्या घरातलं माणूस गेलंय, चेची."

आत कुंजुमोन खोकला. बाहेर आला नाही. त्याच्या सहीशिवाय अपील दाखल होत नव्हतं.

बडतर्फ माणूस युनियनचा सभासद राहत नाही. महिनाअखेरीस विलासिनीने शाखेच्या वहीत त्याच्या नावावर पट्टी धरून रेघ मारली. मग तपासणीला आलेला पंपघराचा तक्ता समोर ओढला. नव्या माणसाचं अक्षर सुबक होतं. पाच, चार, पाच, सहा, पाच. पाणी खरंच तसं हलत होतं की कोणी बसून लिहिलं होतं, हे कागदावरून कळायला काही मार्ग नव्हता. तिने तक्ता दोनदा वाचला आणि खाली सही केली.