सांबारवडीचा डबा

मी मुलीला परत आणायला गेले होते, तीर्थयात्रेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या मंडळात बातमी पसरली की रेखाताई आणि राजीवदादा स्कॉटलंडला बुद्धाच्या डोंगरावर वंदनेला गेले, किती भाग्यवान! भाग्य कसलं डोंबलाचं. केंब्रिजमधली चांगली रिसर्चची नोकरी सोडून आमची एकुलती एक स्वराली त्या डोंगराच्या पायथ्याशी तीन वर्षं एकांतात बसायला निघाली होती. फोन नाही, भेट नाही, आणि नंतर कदाचित कायमचं भिक्खुणीचं चीवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आत जाणार होती. आमच्याकडे एक दिवस होता, आणि माझ्या पिशवीत तिच्या नावाचं परतीचं तिकीट.

शिवाय डबा होता, सांबारवडीचा. पुण्याच्या बायका हिला कोथिंबीरवडी म्हणून मोकळ्या होतात तेव्हा माझं डोकं फिरतं. आमच्या नागपूरची सांबारवडी म्हणजे सांबार, म्हणजेच कोथिंबीर, खसखस, खोबऱ्याचं सारण बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळून तळलेलं. लहानपणी स्वराली रुसली की मी हीच पुढे करायची. रुसवा दुसऱ्या वडीपलीकडे कधी टिकला नाही. माझी सगळी भिस्त त्या डब्यावर होती.

आरन बेटावरून समोरच्या होली आयलला, म्हणजे त्या बुद्धाच्या डोंगराच्या बेटाला, छोटी बोट जाते. वारा इतका होता की ती खूप उशिरा सुटली. विहारात जाताना नेसते तशी पांढरी साडी मी नेसले होते, वर रेनकोट, खाली चालायचे बूट. ह्यांनीही पांढरा शर्ट घातला होता. शेजारच्या बाईने विचारलं, लग्नाला चाललात का? मी हो म्हणाले. कोण समजावत बसणार?

धक्क्यावर स्वराली उभी होती. "आई, बोट किती उशिरा आला!" म्हणत तिने मिठी मारली. जन्म इथला, त्यामुळे मराठीत बोट आला की आली हे तिचं अजून ठरलेलं नाही. वाळली होती पोरगी. वेणी मात्र अजून होती, ती बघून मला जरा धीर आला.

"तुझा बॅग मी घेते," ती म्हणाली.

"राहू दे. वर जाऊन खाऊ या आधी."

तिने घड्याळ पाहिलं. "आज सकाळी मी अष्टशील घेतलंय, आई. पण बाराच्या आत वर पोहोचू. शुअर."

अष्टशील मला शिकवायला नको. दर पौर्णिमेला मी ते पाळत आलेय. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. आठ वर्षांची असताना एका वैशाख पौर्णिमेला हिनेही हट्टाने घेतलं होतं. संध्याकाळी शाळेतून आली ती भुकेने पांढरीफटक. ह्यांना बघवेना, ह्यांनी लोणी लावून टोस्ट भरवला. तिने खाल्ला, आणि मग रात्रभर रडली. "मी तोडलं, आई, मी तोडलं," एवढंच म्हणत होती. तो चेहरा मी विसरलेले नाही.

डोंगर फार उंच नाही, पण ह्यांचा गुडघा आडवा आला. दहा पावलं चालायची की थांबायचं. पांढऱ्या शेळ्या आमच्याकडे बघत रवंथ करत होत्या. वाटेवरच्या खडकांवर तारा या बोधिसत्त्वाची चित्रं रंगवली होती. "ही देवी आहे का?" ह्यांनी संशयाने विचारलं, आणि उत्तराआधीच तोंड फिरवलं. दीक्षेच्या वेळी देव-देवी नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा शेवटी.

धाप लागली तरी बोलणं थांबेना. "बेटा, बाबासाहेब याच देशात शिकले. ते काय गुहेत जाऊन बसले? आपल्या लोकांना तुझ्या डिग्रीचा उपयोग आहे."

"म्युझियमच्या लायब्ररीत बसायचे ना, दिवसभर, उपाशी? त्यांच्या कॅमडेनच्या घरी, दर एप्रिलमध्ये जयंतीला तुम्हीच सांगायचात." तिचा आवाज चढला नव्हता. "मी पण बसून काहीतरी शिकणार आहे, बाबा. कायमचा पळून नाही जात."

हे गुडघा चोळायला लागले. मला वकील बदलावासा वाटला.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते. खाली समुद्र, समोर आरनचे डोंगर. दगडांच्या आडोशाला बसलो. ह्यांना भूक आवरेना. "डबा काढ, रेखा."

मी झाकण उघडलं. खसखशीचा वास वाऱ्यावर पसरला, आणि मला रडू आलं. जे मांडून-मांडून बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. "घरी चल ना गं. तीन वर्षं तुझा आवाजसुद्धा नाही, मी कशी राहू?"

स्वराली माझ्याजवळ सरकली. मग तिने हात पुढे केला. "दे, आई. एक खाते."

मी जिंकले होते. एक खाल्ली असती तर दुसरीही खाल्ली असती, आणि संध्याकाळच्या बोटीत ती माझ्या शेजारी असती. माझ्या लेकराला मी ओळखते. तिची बोटं वडीला लागली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आठ वर्षांची होती ती पुन्हा.

मी तिचा हात बाजूला केला आणि झाकण लावलं. "बारा वाजून गेलेत, स्वराली."

"इट्स ओके, आई. तुझ्यासाठी."

"मला नको आहे तसं."

"अगं रेखा, खाऊ दे की तिला," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. मागच्या वेळी टोस्ट तुम्हीच दिला होता."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. हेही रडले. मग मी रेनकोट काढून ठेवला, त्या वाऱ्यात पांढरा पदर सावरला, आणि आम्ही तिघांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. ह्यांचा सूर नेहमीसारखा चुकला. तिचा कुठेच चुकला नाही, आणि मला अभिमान वाटला. राग होताच, पण अभिमानही वाटला.

धक्क्यावर बोटीत बसण्याआधी मी डबा तिच्या हातात दिला. "उद्या उजाडल्यावर खा. सगळ्या संपव. बाराच्या आत."

ती मान हलवत राहिली. बोट लांब गेली तरी डबा छातीशी धरून ती तिथेच उभी होती.

"अगं, तो तुझ्या आईचा डबा ना?" हे म्हणाले. "परत कधी मिळणार?"

"तीन वर्षांनी घेऊन येईल ती," मी म्हणाले, आणि आम्ही आरन गाठेपर्यंत ह्यांनी माझा हात सोडला नाही.