पांढऱ्या नळीचा चमत्कार

सभागृहात खुर्च्या तीनशे होत्या आणि माणसं चारशे. बसलेले उठायला तयार नव्हते आणि उभे होते ते बसलेल्यांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होते. व्यासपीठावर पांढऱ्या कपड्यांतला, गुळगुळीत चेहऱ्याचा एक माणूस उभा होता. लोक त्याला निर्मळबाबा म्हणत. त्याच्या दोन्ही हातांत एकेक काचेची नळी होती.

"ही चार दिवसांपूर्वीची," उजवा हात वर करून तो म्हणाला. नळीच्या तळाशी गोठलेलं रक्त होतं आणि त्यावर साचलेलं रक्ताचं पाणी दुधासारखं पांढरं होतं. "हे दूध आहे का?"

"नाही!" सगळं सभागृह ओरडलं.

"चुना आहे का?"

"नाही!"

"मग काय आहे? चरबी! हेच ते तुमचं कोलेस्टेरॉल. वर्षानुवर्षं रोज गोळी गिळलीत ना? कुठे गेली ती गोळी? डॉक्टरच्या बंगल्याच्या भिंतीत गेली!" लोक खो खो हसले. मग त्याने डावा हात वर केला. "आणि ही त्याच माणसाची, आज सकाळची."

तळाशी तसंच रक्त. वरचं पाणी मात्र पिवळसर आणि इतकं नितळ, की पलीकडून बाबांची बोटं दिसत होती.

"फक्त माझं चूर्ण. गोळी एकही नाही. माझं चूर्ण आणि त्यांचं विष एका पोटात नांदत नाहीत."

पहिल्या रांगेतला एक निवृत्त बसचालक हमसून हमसून रडायला लागला. त्या नळ्या त्याच्या होत्या. बाबांनी खाली येऊन त्याला मिठी मारली आणि टाळ्या थांबेचनात. माझ्या शेजारी माझी थोरली बहीणही टाळ्या वाजवत होती. तिची स्वतःची नितळ नळी तिने रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली होती.

मी त्या दिवशी तिला घरी न्यायला म्हणून आलो होतो. शिबिराचे आधीचे दिवस ती एकटीच येत-जात होती. मी तिच्या कानाशी लागलो.

"ताई, पहिल्या दिवशी रक्त घ्यायच्या आधी काही खायला दिलं होतं का?"

"हो तर! निरोपाचं जेवण. बाबा म्हणाले, ज्या खाण्याने तुमचा घात केला ते शेवटचं एकदा पोटभर खा, म्हणजे शरीर आपलं खरं रूप दाखवेल. लोण्यात परतलेला पाव, अंडी, सायीचं दूध. किती वर्षांनी खाल्लं रे!"

"मग रक्त कधी घेतलं?"

"तीनेक तासांनी."

"आणि आज?"

"आज पोटात काही नाही. तीन दिवस नुसतं चूर्ण आणि भाज्यांचं पातळ पाणी. पण तू हे कशाला विचारतोयस?"

मी एकतीस वर्षं एका दवाखान्याच्या तपासणीखोलीत नळ्या धुतल्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून चाळिशीत अक्षरं गिरवली. रोज सकाळी खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारायचो, "काही खाल्लंय का?" कारण कोलेस्टेरॉलबरोबर रक्तातली दुसरीही चरबी मोजायची असते आणि ती खाण्याने चढते. "काही नाही हो," असं शपथेवर सांगून बसणारे असायचे. तासाभराने त्यांची नळी बोलायची. तुपातलं, लोण्यातलं खाऊन आलेल्याच्या रक्ताचं पाणी गढूळ होतं, कुणाकुणाचं तर थेट दुधासारखं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस उपाशीपोटी आला की पाणी नितळ. असे चमत्कार मी आठवड्याला दहा-पंधरा धुऊन वाळत घातले असतील.

मी हात वर केला. "बाबा, पहिल्या दिवशीही उपाशीपोटी रक्त घेऊन बघाल का?"

चारशे माना माझ्याकडे वळल्या. बाबा गोड हसले. "आजोबा, आपलं शिक्षण?"

"दवाखान्यात नळ्या धुवायचो."

"वा! म्हणजे नळीला आतून-बाहेरून ओळखता. फक्त तिच्यात काय असतं तेवढं कळलं नाही!"

चारशे माणसं हसली. बसचालक रडता रडता हसला. ताईने माझा सदरा खाली ओढला. "बस ना रे बारक्या. लाज आणतोस."

सदुसष्ट वर्षांचा मी, बारक्या म्हटल्यावर खाली बसलो.

ताईवर रागावता येत नव्हतं, हीच माझी अडचण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिची लाँड्री आहे. सत्तरी ओलांडली तरी ती दिवसाचे आठ तास इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते. दोन वर्षांपूर्वी चादरींचा गठ्ठा उचलताना ती खाली बसली, तिला उठताच येईना. हृदयाचा झटका होता. रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि बाकीच्या औषधांबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. सहा महिन्यांत तिच्या मांड्या दुखायला लागल्या. आधी ती गप्प राहिली. मग स्टूल घेऊन बसून इस्त्री करायला लागली आणि बसून केलेल्या इस्त्रीला कडा येत नाही म्हणून स्वतःवरच चिडायला लागली. शेजारणीने सांगितलं, माझ्या दिराचंही असंच झालं, ती गोळीच वाईट. डॉक्टरकडे पुढच्या खेपेला जायच्या आधीच शिबिराचा कागद हातात आला आणि तिने गोळी सोडली.

शिबिरानंतर मी एकटाच तिच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, मला असं काहीतरी ठणकावून सांगा, की ताईने ऐकलंच पाहिजे. बाईंनी टेबलावरचा कागद ओढला.

"ताईंसारखे शंभर जण धरा, एकदा झटका येऊन गेलेले. गोळी नाही घेतली तर पाच वर्षांत त्यातल्या साधारण वीस जणांना पुन्हा मोठा त्रास होईल. घेतली तर चौदा-पंधरा जणांना."

"म्हणजे वाचले किती? पाच-सहा?"

"हो."

"एवढेच?"

"ज्या घरातले ते पाच-सहा असतात, त्यांना एवढेच वाटत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हो, एवढेच. आणि ते कोण, हे मला आधी सांगता येत नाही."

"आणि मांड्यांचं दुखणं?"

"काहींना खरंच गोळीने होतं. कित्येकांना वयाने होतं, कामाने होतं, गोळी वाईट आहे असं कानावर पडल्यानेही होतं. ते दुखणं खोटं नसतं, कारण वेगळं असतं. क्वचित स्नायूंना गंभीर इजा होते, म्हणून रक्त तपासायचं. काहींची साखर थोडी चढते. पण यावर उपाय आहेत काका. थोडे दिवस थांबवून बघता येतं, कमी ताकदीची देता येते, दुसऱ्या प्रकारची देता येते. त्यांना घेऊन या. मी रागावणार नाही."

बाबा म्हणतो, सगळे बरे होतील. बाई म्हणतात, शंभरातले पाच-सहा. खरं बोलणाऱ्या बाईंचं मला कौतुक वाटायला हवं होतं. आला त्यांचाच राग.

रविवारी लाँड्री बंद असते. आमच्या तपासणीखोलीत अजून कामाला असलेली एक तंत्रज्ञ, जिला मी पोरी म्हणतो, तिला मी बोलावून घेतलं. ताईच्या समोर बसून लोण्यात परतलेला पाव खाल्ला, अंडी खाल्ली, पेलाभर सायीचं दूध प्यायलो.

"खा खा," ताई म्हणाली. "बहिणीला खोटं पाडायला भाऊ जिवावर उदार झालाय."

तीन तासांनी पोरीने इस्त्रीच्या टेबलावर माझा हात ठेवून रक्त घेतलं. दोन नळ्या भरल्या. एक तिने दवाखान्यात न्यायला ठेवली आणि दुसरी टेबलावरच उभी केली. तासाभराने रक्त खाली गोठलं आणि वर साबणाच्या पाण्यासारखं पांढुरकं पाणी जमलं.

"बाबांकडची याहून पांढरी होती," ताई म्हणाली.

"सगळ्यांची सारखी होत नाही, आजी," पोरगी म्हणाली. "शेकडो नळ्यांतली सर्वांत पांढरी निवडून तीच उंच धरायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त. चूर्ण नाही, मंत्र नाही, नुसती एका रात्रीची झोप. पाणी पिवळं, नितळ, आरपार. ताईने आपली रुमालातली नळी शेजारी ठेवून बघितली. फरक नव्हता.

संध्याकाळी पोरीने दवाखान्यातले आकडे आणले. पांढऱ्या नळीत कोलेस्टेरॉल दोनशे एकोणतीस. नितळ नळीत दोनशे सव्वीस.

"म्हणजे स्वच्छ दिसत होती त्यातही तेवढंच?" ताईने विचारलं.

"तेवढंच. कोलेस्टेरॉल डोळ्यांना दिसतच नाही. पांढरं दिसतं ते नुकतंच खाल्लेलं लोणी," पोरगी म्हणाली.

ताईने दोन्ही नळ्या पुन्हा उजेडात धरून बघितल्या. मग म्हणाली, "मेला नुसता न्याहारीवर चमत्कार करतो की." आणि हसली. मीही हसलो. वाटलं, जिंकलो.

"मग उद्या जाऊया बाईंकडे?"

तिने इस्त्री लावली, हात ओला करून थेंब उडवून बघितला. "बारक्या, नळी खोटी हे पटलं. चूर्णही मी आजपासून टाकलं. पण गोळी सोडल्यापासून माझ्या मांड्या दुखत नाहीत, हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं. कमी ताकदीची, दुसऱ्या प्रकारची, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडत राहिली.

चार महिन्यांनी तो बसचालक गेला. बाजारात भाजी घेताना कोसळला. बाबांचा एक चेला लाँड्रीत कपडे द्यायला आला होता, तो म्हणाला, "त्यांनी पथ्य मोडलं. श्रद्धाही कमी पडली."

"श्रद्धा कमी?" ताई कडाडली. "पहिल्या रांगेत बसून लहान पोरासारखा रडला तो माणूस! उचल ते कपडे."

त्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "चल, बाईंकडे जाऊ." मी चप्पल घालायलाही विसरत होतो.

बाईंनी तिला तपासलं. मग ताईने विचारलं, "तो चालक गोळी सोडल्यामुळे गेला का?"

मी मनात म्हणत होतो, हो म्हणा. बाई, एकदा तरी हो म्हणा.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "घेत असता तरी कदाचित गेले असते. एकेका माणसाबद्दल हे कुणालाच सांगता येत नाही. शंभरांबद्दल सांगता येतं."

"आणि मी नाही घेतली तर?"

"बहुतेक ठीक राहाल. पण घेतली तर ठीक राहण्याची शक्यता वाढेल. अगदी थोड्या ताकदीची देते. दुखलं तर मला सांगा, पुन्हा बदलू."

ताईने चिठ्ठी घेतली, घडी घालून कमरेला खोचली. जिना उतरताना म्हणाली, "बाई चांगली आहे रे. पण तीच म्हणते, बहुतेक ठीक राहाल."

ती गोळी तिने अजून सुरू केलेली नाही. मी विचारलं की म्हणते, हॉटेलच्या चादरींचं काम उरकू दे. मी स्वतः आणून दिली तर म्हणाली, "जबरदस्तीने दूध पाजायला मी तुझी धाकटी नाही." ती ठणठणीत आहे. उभी राहून इस्त्री करते आणि कडा अशा काढते, की बोट कापेल. तिने बाबाच्या चेल्याला हाकलून दिलं तरी शिबिरांत तिचंच उदाहरण देतात. ती लाँड्रीवाली बघा, गोळी सोडली आणि कशी टुणटुणीत आहे.

बाबाची खरी युक्ती नळीत नव्हती, हे मला आता कळतं. शंभरातले ऐंशी जण गोळीशिवायही पाच वर्षं काढणार असतात. तेच त्याचे साक्षीदार. उरलेले वीस साक्ष द्यायला येत नाहीत. त्यांच्या खुर्च्यांवर पुढच्या शिबिरात दुसरी माणसं बसतात आणि सभागृह पुन्हा भरलेलं दिसतं. नळीचं खोटं एका रविवारी उघडं पाडता आलं. हे खोटं उघडं पाडायला माझ्या बहिणीला काहीतरी व्हावं लागेल आणि झालं तरी काही सिद्ध होणार नाही. रोज सकाळी सात वाजता मी समोरच्या कोपऱ्यावर उभा राहतो आणि तिच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज ऐकून घरी जातो.

तेव्हा वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर डोळ्यांना दिसतंय त्यावर जाऊ नका, आकडा मागा. किती जणांना दिलं, त्यातले किती उरले, आणि ज्यांना दिलं नाही त्यातले किती उरले, हे विचारा. जो शंभरातले शंभर म्हणेल त्याच्या दारातून मागे फिरा. गोळीने त्रास होत असेल तर तो सोसू नका आणि लपवूनही ठेवू नका. डॉक्टरच्या तोंडावर सांगा, फायदा किती आणि धोका किती ते विचारा, भांडा हवं तर. सगळं समजून घेऊन नको म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे. पण नको म्हणण्याआधी दुसरी गोळी, कमी ताकदीची गोळी एकदा घेऊन तरी बघा.

खरं बोलणारा माणूस 'मला माहीत नाही' म्हणाला, तर त्याला तेवढ्यावरून सोडून जाऊ नका. माझ्या सख्ख्या बहिणीला हे पटवता आलं नाही, म्हणून तुम्हा परक्यांना सांगत बसलोय.